रेट लॉमधले घातांक सहगुणकांशी जुळले तर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, रासायनिक गतिकी वाचतेय आणि एका जागी गाडी अडली आहे.

रेट लॉ म्हणजे अभिक्रियेचा वेग घटकांच्या संहतीवर (कॉन्सन्ट्रेशनवर) कसा अवलंबून आहे ते सांगणारं सूत्र. त्यात संहतींवर येणारे घातांक समीकरणातल्या सहगुणकांकडे (रेणूंच्या आधीच्या आकड्यांकडे) बघून ठरवायचे नाहीत, प्रयोगातूनच काढायचे, इथपर्यंत पटलं. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडचंच बघा. कमी तापमानाला पहिल्याची संहती दुप्पट केली की वेग चौपट. दुसऱ्याची कितीही वाढवा, वेग ढिम्म हलत नाही. एकूण वेग ठरवणाऱ्या संथ पायरीत कार्बन मोनॉक्साइड नाहीच, मग हलेल कशाला!

घोळ पुढे आहे. नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक. इथे प्रयोगातून येणारे घातांक 2 आणि 1, म्हणजे नेमके सहगुणकच. तरी नेहमी दिली जाणारी यंत्रणा दोन पायऱ्यांची: आधी नायट्रिक ऑक्साइडची जोडी भराभर जुळते-सुटते, मग ती ऑक्सिजनशी संथपणे अभिक्रिया करते. म्हणजे घातांक जुळले तरी अभिक्रिया एकाच पायरीत होते असं म्हणता येत नाही, बरोबर ना? आणि तापमान वाढवलं की हिचा वेग चक्क घटतो, तो त्या जोडीच्या समतोलामुळेच का? जोडीचा समतोल स्थिरांक रेट लॉमधल्या वेग स्थिरांकात (संहतींना गुणणाऱ्या k मध्ये) कसा मिसळतो, हे कोणी दोन-चार ओळींत मांडून दाखवेल का? नुसतं 'हो' किंवा 'नाही' नको.