३०२ बघायला येणाऱ्यांच्या वेळा

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सोसायटीचा ओनर्स ग्रुप, डिसेंबरातला एक शनिवार. ३०२ नंबरचा फ्लॅट विकायला काढलाय, मालक पुण्यात असतात, फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत)

३०१ काकू: आज परत बेल. दुपारी पावणेतीनला. दार उघडलं तर पाच माणसं आणि एक बारकं पोर. "फ्लॅट हाच काय वो?" म्हटलं, बाजूचा. बाजूचं दार कोण उघडंना, मग माझ्याच सोफ्यावर बसली. एजंट खाली गाडीतच.

१०३ वैनी: चहा दिला की नाही मग?

३०१ काकू: दिला की. गोकाकास्नं आलेली माणसं, त्यांचा काय दोष. पण रोज कोण ना कोण येऊलेत, मी काय तिकीट फाडायला बसलेय इथं?

सेक्रेटरी: कुठला एजंट होता? मला कुणीच कळवलं नव्हतं. वॉचमनच्या वहीत "३०२ पार्टी" एवढंच आहे. नाव नाही, गाडी नंबर नाही.

३०२ (पुणे): काकू, माफ करा. मी फ्लॅट तीन एजंटांना सांगितलाय. एक कॅम्पातले, एक आरपीडी क्रॉसचे आणि एक मेव्हण्याच्या ओळखीचे. वेळेचं त्यांच्यावरच सोडलं होतं. चावी भाडेकरू ताईंकडे असते.

४०१ सर: ताई नर्स आहेत. नाईट करून सकाळी नऊला घरी येतात. पावणेतीनला दार कोण उघडणार?

२०४: आणि त्या ह्या ग्रुपमध्ये पण नाहीत. लोक ज्यांच्या घरात शिरूलेत, त्यांनाच कोण विचारत नाही.

३०२ (पुणे): बरोबर आहे. सेक्रेटरी, विकून होईपर्यंत त्यांना जोडता का?

सेक्रेटरी: जोडतो. नियमात बसत नाही, पण कमिटीला मी सांगेन.

(सेक्रेटरींनी ३०२ भाडेकरू यांना जोडले)

३०२ भाडेकरू ताई: नमस्कार. माझी तक्रार नाही, दादांनी घर विकणार म्हणून आधीच सांगितलं होतं. फक्त आदल्या दिवशी कळलं तर बरं. माझी ड्युटी आठवड्याची एकदम लागते, रविवारी कळते, मी लगेच इथं टाकीन. आणि येणाऱ्यांनी कपाटं उघडू नयेत. मागं एकांनी फ्रिज उघडून "हा पण घरासोबतच काय?" विचारलं.

१०३ वैनी: अगं बाई!

४०१ सर: केंद्राने २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट काढला. त्यात मालकाने घरात यायच्या किमान २४ तास आधी कळवावं, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर येऊ नये, असं आहे. तो नमुना कायदा, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण आपण पाळायला कुणाची ना आहे?

३०२ (पुणे): माझी नाही. एकच अडचण. एजंट म्हणतात पार्टी म्हणेल तेव्हा दाखवायला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या फ्लॅटकडे वळते. जेवढे जास्त बघतील तेवढं लवकर जाईल ना?

१०२ काका: नाही. बँकेत होतो तेव्हा घरकर्जाच्या फायली ढिगाने बघितल्या, म्हणून सांगतो. घर बघून मोडणारे बहुतेक जण ज्या कारणाने मोडतात, ते फोनवर सांगता आलं असतं. तुमचं दार दक्षिणेला आहे. लोक तिसऱ्या मजल्यावर येतात, मोबाईलवर होकायंत्र काढतात आणि जिन्यातूनच परत. त्यासाठी ताईंची झोप मोडायची काय गरज? दिशा, मजला, लिफ्ट, पार्किंग झाकलेलं की उघडं, बोअर आहे का, नळाला पाणी कसं येतं, हे सगळं एजंटने आधी सांगायचं. ऐकून जो येईल तो खरा.

दुसरं कागदाचं. सिटी सर्व्हे उतारा, ई-आस्तीचा ई-खाता (पालिकेकडची मालकीची नोंद), ईसी (घरावर कर्जाचा बोजा आहे का ते दाखवणारा दाखला), चालू घरपट्टीची पावती, सोसायटीचं येणं नसल्याचं पत्र. याचे फोटो तिन्ही एजंटांकडे आहेत का? "कागद नंतर दाखवतो" म्हटलं की पार्टी मनातून गेलीच. तुमचं कर्ज अजून चालू असेल तर तेही आधी सांगा. ईसीवर बोजा दिसतोच.

तिसरं पैशाचं. तुम्ही ५८ लाख म्हणताय. घेणारा ५८ धरून येतो आणि खर्च कळल्यावर खाली बसतो. ४५ लाखांच्या वर स्टँप ड्युटी ५ टक्के, म्हणजे २ लाख ९० हजार. तिच्यावर १० टक्के सेस आणि शहरात २ टक्के सरचार्ज, ते ३४,८००. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ची २ टक्के झाली, ती १ लाख १६ हजार. एकूण ४ लाख ४० हजार ८००. गाईडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारने ठरवलेली किंमत, तुमच्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर हिशेब तिच्यावर. दलाली वेगळी. शिवाय किंमत ५० लाखांच्या वर असल्याने घेणारा तुमच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापणार, तो तुमच्या पॅनवर जमा होईल. हे ऐकूनही जो "बघायला येतो" म्हणतो, त्याला ताई दार उघडतील.

२०४: काका, हे पिन करतो. म्हणजे वेळ शेवटी ठरवायची.

१०२ काका: हो. आणि ती घरात राहणाऱ्याने ठरवायची. एजंटला दिवसाला चार घरं दाखवायची असतात, तो त्याच्या रस्त्याने वेळ लावणार.

१०३ वैनी: आणि दुसऱ्या रेल्वे गेटवर अडकलो म्हणून अर्धा तास उशिरा येणार. गाडी गेलेली असते, ह्यांचं अडकणं चालूच!

३०२ (पुणे): कॅम्पवाल्यांना आत्ता फोन लावला. ठरावीक वेळ नको म्हणतात. तिघांच्या पार्ट्या एकाच वेळी आल्या तर जिन्यात भेटतील, एकमेकांचे नंबर घेतील, भाव फुटेल.

२०४: फुटू दे की. तीन जण एकदम रांगेत दिसले तर भाव वर पण जातो.

१०२ काका: त्यांची खरी भीती भावाची नाही, दलालीची आहे. एकच पार्टी दोन एजंटांकडून फ्लॅट बघते. व्यवहार झाल्यावर दोघंही हक्क सांगतात, मग संचकाराच्या (इसाराच्या) दिवशी सबरजिस्ट्रार ऑफिसबाहेर भांडण. म्हणून वही नीट हवी. पार्टीचं नाव, गाव, एजंटचं नाव, तारीख, वेळ, पार्टीची सही. ज्याने आधी आणली त्याची दलाली, हे तिघांना आजच लिहून पाठवा. हे झालं की त्यांना एकत्र यायला काही वाटणार नाही.

३०१ काकू: त्या गोकाकच्या बाईनं माझा नंबर घेतलाय. आत्ताच फोन आला, "मालकांचा नंबर द्या, एजंटला मध्ये कशाला?"

२०४: द्या की काकू, ३०२ भाऊंचे दलालीचे दोन टक्के वाचले.

१०२ काका: देऊ नका. पेट्रोल जाळून, माणसं जमवून एजंटने आणलंय. त्याचं बुडवलं तर उद्या ह्या बिल्डिंगमधला दुसरा फ्लॅट कुणी हातात घेणार नाही. मला सुद्धा वर्षा-दोन वर्षात विकायचाय.

१०३ वैनी: काका??

१०२ काका: नंतर बोलू.

३०२ (पुणे): काकू, त्यांना सांगा एजंटमार्फतच या. त्यांचा एजंट मेव्हण्याच्या ओळखीचा, आत्ता खात्री केली.

४०१ सर: एजंटचा रेरा नंबर (घरबांधणी कायद्याखालचा नोंदणी नंबर) पण वहीत घ्यायचा का?

१०२ काका: रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर एजंटची नोंदणी कायद्याने लागतेच. आपली बिल्डिंग त्याच्या कितीतरी आधीची, इथं तशी सक्ती नाही. असेल तर लिहा. नसेल तर आधार बघा आणि फोन नंबर वाजवून बघा. वॉचमनला एवढं जमेल.

सेक्रेटरी: मग असं करतो. शनिवारी ४ ते ६, रविवारी १० ते १. मधल्या वारी बंद. एजंटने आदल्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत मला मेसेज टाकायचा. एका पार्टीला २० मिनिटं. चालेल?

१०३ वैनी: रविवार सकाळ बरोबर ठेवलीत. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ, त्या वेळी बैलहोंगल-गोकाककडची माणसं उंबऱ्यात पाय ठेवत नाहीत. शनिवारचा सकाळी ९ ते साडेदहा, तो पण चुकला. आणि अमावस्या कॅलेंडरमध्ये बघून घ्या.

२०४: वैनी, तुम्हालाच एजंट करायला पाहिजे.

१०३ वैनी: दोन टक्के दे, येते.

४०१ सर: रविवारी हेस्कॉमची दुरुस्ती असली तर लिफ्ट बंद. पेपरात आदल्या दिवशी वीज बंदची बातमी येते, ती मी टाकत जाईन. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत चढलेल्या माणसाला घर आवडत नाही.

३०२ (पुणे): गोव्याची एक पार्टी रविवारीच येणार म्हणते. चोर्ला घाटाने येतात, नक्की वेळ सांगता येत नाही म्हणतात.

सेक्रेटरी: त्यांना शेवटचा नंबर. साडेबाराला. चुकलं तर पुढचा शनिवार.

१०२ काका: गोव्याचे लोक इकडे घर घेतात ते पोरांच्या कॉलेजसाठी नाहीतर निवृत्तीसाठी. घाई नसते, भाव करतात. आणि पुढच्या पावसात बघू म्हणाला कोणी, तर त्याचा राग धरू नका. बेळगावच्या जुलैत भिंत बघून जो घर घेतो तो नंतर तक्रार करत नाही. मार्चपर्यंत नाही गेला तर मी तर म्हणेन पावसातच दाखवा, तुमची गच्चीकडची भिंत कोरडी आहे.

३०२ (पुणे): आणखी एक. बेंगळूरचे एक अधिकारी आहेत, विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी आलेत. दिवसभर सुवर्णसौधमध्ये, सातनंतर मोकळे. बुधवारी बघायचं म्हणतात. सरांच्या सूर्यास्तात बसत नाही.

४०१ सर: सूर्यास्त माझा नाही वो. ताईंना विचारा.

३०२ भाडेकरू ताई: बुधवारी माझी ठरलेली सुट्टी असते. सात ते साडेसात चालेल. फक्त एजंट स्वतः वर यायला हवा, खाली गाडीत बसून नको. आणि व्हिडिओ काढायचा असेल तर रिकाम्या भिंतींचा काढा, माझ्या आईचं अंथरूण त्यात नको.

३०२ (पुणे): तसंच सांगतो. व्हिडिओ मीच काढून एजंटांना देतो, पुढच्या आठवड्यात येतोय तेव्हा. म्हणजे नुसतं बघायला म्हणून येणारे निम्मे कमी होतील.

सेक्रेटरी: ठरलं मग. उद्यापासून. वॉचमनला नवी वही आणि पेन देतो. व्हिजिटर पार्किंगमधली लाल स्कूटर कुणाची? रविवारी ती जागा लागेल.

२०४: माझी. रात्री काढतो.

३०२ भाडेकरू ताई: दादा, एक विचारू का? घर विकलं तर माझ्या डिपॉझिटचं काय? ते नवीन मालक देणार का तुम्ही?

१०२ काका: हा प्रश्न घेणारा पण विचारणार. संचकारपत्रात लिहून काढा, भाडेकरू आहेत, करार कधीपर्यंत आहे, डिपॉझिट कोण देणार. नाहीतर घेणारा म्हणेल मला माहीत नव्हतं.

३०२ (पुणे): करार मे अखेरपर्यंत आहे. जो घेईल त्याला तो पाळावा लागेल, हे एजंटांना आजच सांगतो. डिपॉझिट मी घेतलंय, मीच देणार, खरेदीपत्राच्या आधी.

३०२ भाडेकरू ताई: तेवढं लिहून द्याल का?

३०२ (पुणे): देतो. येईन तेव्हा सही करून देतो.