वायफायचे चॅनेल आणि बी-२०४ मधील गेम कन्सोल (विश्रामबाग, सांगली : सोसायटी ग्रुप)

बी-२०४ : सर्वांना नमस्कार. माझ्या दिरांनी अमेरिकेहून येताना त्यांचा जुना प्लेस्टेशन ४ मुलांसाठी आणला आहे. तो कधी घरच्या वायफायला व्यवस्थित जोडला जातो, तर कधी त्याच्या यादीत आमच्या वायफायचे नावच येत नाही. शेजारच्यांची नावे मात्र ओळीने दिसत असतात. विशेषतः लाइट जाऊन आली की हा प्रकार होतो. मोबाइल आणि टीव्ही त्याच वेळी उत्तम चालतात, त्यामुळे इंटरनेट बंद आहे असेही म्हणता येत नाही. केबलवाल्यांकडील मुलगा पाहून गेला आणि कन्सोलच्या आतील वायफायचा भाग खराब झाला असून तो दुरुस्तीला द्यावा लागेल, असे सांगितले. तो खर्च करण्याआधी कोणी नीट मार्गदर्शन करू शकेल का?

सी-१०३ : वहिनी, पासवर्ड काढून पुन्हा टाकून पाहिलात का? आमच्याकडे राउटर बदलल्यावर तसे करावे लागले होते.

बी-२०४ : टाकून पाहिला. नाव दिसले की जोडणी लगेच होते. अडचण नाव न दिसण्याचीच आहे.

ए-३०२ : ताई, शेजारच्यांची नावे दिसतात आणि आपले दिसत नाही, हे तुम्ही लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. वायफायचा भाग निकामी असता तर शेजारच्यांचीही नावे धड दिसली नसती. पासवर्ड चुकला असता, तर कन्सोलने ‘एनडब्ल्यू-३१२९७-२’ हा त्रुटीचा क्रमांक दाखवला असता. म्हणजे कन्सोल ऐकतो आहे; आपला राउटर ज्या चॅनेलवर (वायफायच्या पट्ट्यातील ठरावीक क्रमांकाच्या जागेवर) आहे, तेवढेच त्याला ऐकू येत नसावे. कृपया कन्सोलवरच्या लेबलवर ‘सीयूएच’ या अक्षरांपुढे कोणते आकडे आहेत ते पाहून कळवा. दुरुस्तीला अजिबात देऊ नका.

बी-२०४ : काका, लेबलवर ‘सीयूएच-१२१५ए’ असे छापलेले आहे.

ए-३०२ : मग उलगडा होण्यासारखा आहे. ‘सीयूएच-१’ने सुरू होणारा प्लेस्टेशन ४ हा २०१३ साली आलेल्या मूळ रचनेचा असून त्याला केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय (राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी जुना पट्टा) समजते; ५ गिगाहर्ट्झची सोय २०१६ साली आलेल्या स्लिम आणि प्रो या आवृत्त्यांपासून मिळाली. तुमचे मोबाइल आणि टीव्ही बहुधा ५ गिगाहर्ट्झवर चालत असल्यामुळे २.४ वर काय घडते आहे याचा त्यांना पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल वापरता येतात, परंतु अमेरिकेत विकली जाणारी उपकरणे सर्वसाधारणपणे ११ पर्यंतचीच चॅनेल धुंडाळतात. राउटर ‘ऑटो’वर ठेवलेला असला की प्रत्येक वेळी सुरू होताना तो मोकळे चॅनेल शोधतो. लाइट येते, राउटर नव्याने सुरू होतो, आसपासची गर्दी पाहून १२ किंवा १३ वर जाऊन बसतो, आणि तुमच्या कन्सोलपुरता तो अदृश्य होतो. पुढच्या वेळी तो ४ किंवा ९ वर आला की नाव पुन्हा दिसू लागते. त्या मुलाने आला त्या वेळी जे दिसले त्यावरून मत दिले. लाइट जाण्याशी असलेला संबंध त्याला कोणी सांगितला नसावा.

मोबाइलवर चॅनेल दाखवणारे एखादे मोफत अॅप उघडा आणि कन्सोलला नाव दिसत नसेल त्याच वेळी आपला राउटर २.४ वर कोणत्या चॅनेलवर आहे ते पाहा. १२ किंवा १३ आढळल्यास राउटरच्या पानावर जाऊन (ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ टाकल्यावर ते उघडते, नक्की पत्ता राउटरच्या खालील स्टिकरवर असतो) २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ६ वर आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर कायम करा. तेथेच सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आहे ना, तेही पाहून घ्या, कारण केवळ डब्ल्यूपीए३ ठेवल्यास जुनी उपकरणे जोडली जात नाहीत. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिलीत, तर कोणते उपकरण कोठे आहे हेही कळेल.

बी-२०४ : काका, अॅपमध्ये १३ च दिसले! तुम्ही सांगितल्याप्रमाणे आमच्या मोठ्या मुलाने ६ वर कायम केले आणि कन्सोलवर नाव आले. नंतर राउटरचे बटण मुद्दाम बंद-चालू करून पाहिले, तरी नाव जागेवर आहे. मनापासून आभार.

ए-३०२ : फार आनंद झाला. मात्र या निमित्ताने एक प्रस्ताव सर्वांसमोर ठेवतो, कारण ताईंचा राउटर १३ वर जाऊन बसला तो खालची सारी चॅनेल आपण सर्वांनी भरून टाकल्यामुळेच.

या पट्ट्यात दोन चॅनेलमधील अंतर अवघे ५ मेगाहर्ट्झ असते आणि एका राउटरचे प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे एकमेकांना न छेदणारी चॅनेल व्यवहारात तीनच उरतात : १, ६ आणि ११. कोणी ३ किंवा ४ घेतले, तर त्याचा त्रास १ वरच्या घरालाही होतो आणि ६ वरच्यालाही. दोन राउटर एकाच चॅनेलवर असले, तर ते एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट छेदणाऱ्या चॅनेलवर मात्र एकाचे बोलणे दुसऱ्याला निव्वळ गोंगाट म्हणून ऐकू येते आणि दोघांचाही वेग मार खातो. आपल्या इमारतींत स्लॅबच्या खालीवर असलेल्या घरांचे राउटर बहुतेक एकाच हॉलच्या कोपऱ्यात येतात. म्हणून पहिला मजला १, दुसरा ६, तिसरा ११ आणि चौथा पुन्हा १, असे तिन्ही विंगमध्ये ठरवावे. ज्यांची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर जाऊ शकतात त्यांनी ती तिकडे न्यावीत. जुने कन्सोल, स्मार्ट बल्ब, दारावरचे कॅमेरे यांना २.४ शिवाय गत्यंतर नसते आणि त्यांच्यासाठी तेवढी जागा मोकळी राहील. मला हे अगदी मनापासून व्हावेसे वाटते, कारण यात कोणालाही एक रुपयाचा खर्च नाही.

ए-१०१ : प्रस्ताव योग्य वाटतो. आमच्यासारख्या ज्येष्ठांना राउटरच्या पानात शिरता येत नाही. कोणी तरुणाने घरी येऊन करून दिल्यास बरे होईल.

सी-१०३ : आजोबा, सी विंगचे आवरले की मी आपल्याकडे येतो. स्टिकरवरील पासवर्ड वाचता येईल असा राउटर तेवढा समोर काढून ठेवा.

सी-४०१ : काका, आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलाचा प्लेस्टेशन ५ जोडला जातो, गेम डाउनलोड होतात, परंतु मित्रांशी बोलणे मधूनच तुटते आणि तपासणीत ‘नॅट टाइप ३’ असे दिसते. गच्चीवरून केबल टाकून थेट जोडावा का?

ए-३०२ : नॅट म्हणजे राउटरने घरातील उपकरणांचे पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणे; टाइप ३ असला की बाहेरून कन्सोलपर्यंत थेट पोहोचता येत नाही. त्याचा वायफायच्या ताकदीशी संबंध नाही, त्यामुळे केबलने तो बदलणार नाही. केबलवाल्यांच्या फायबर बॉक्सच्या पुढे तुम्ही स्वतःचा राउटर जोडला असेल, तर दोन्हीकडे पत्ते बदलले जातात. अशा वेळी आपला राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ या प्रकारात ठेवा (म्हणजे तो पत्ते न बदलता केवळ वायफाय पुरवेल) आणि फायबर बॉक्समध्ये यूपीएनपी (कन्सोलला हवी ती वाट आपोआप उघडण्याची सोय) चालू करा. त्यानेही फरक पडला नाही, तर फायबर बॉक्सला बाहेरून मिळालेला आयपी पत्ता पाहा. त्याचा पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ यांपैकी असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला आहे असे समजावे. तेथे घरात काहीही करून उपयोग होत नाही. केबलवाल्यांकडे स्वतंत्र सार्वजनिक आयपी मागावा लागतो.

आणि गच्चीवरून तांब्याची केबल कृपया टाकू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाबरोबर विजा किती कडकडतात हे आपण सारे जाणतो. जवळ वीज पडली की उघड्यावरील तांब्याच्या तारेत दाब येतो आणि दोन्ही टोकांची पोर्ट जळतात; फायबर काचेचा असल्याने तो धोका त्यात नसतो. केबल घ्यायचीच असेल, तर हॉलमधील राउटरपासून मुलाच्या खोलीपर्यंत दाराच्या चौकटीवरून पट्टीत बसवून न्या. कॅट-६ पुरेशी आहे. विजेच्या वायरच्या पट्टीतून मात्र ती नेऊ नका.

सी-४०१ : आयपी पत्ता पाहिला, १०० ने सुरू होतो आणि दुसरा आकडा ७२ आहे. केबलवाल्यांना आजच फोन करतो. चौथ्या मजल्यासाठी सांगितल्याप्रमाणे आमचे २.४ चे चॅनेल १ वर कायम केले आहे.