ग्नोममध्ये राइट-क्लिकवर 'नवीन दस्तऐवज' सगळ्या खात्यांत हवं: मदत हवी आहे

टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये एखादी फाइल असेल तरच ग्नोमचा (लिनक्सवरच्या डेस्कटॉपचा) फाइल मॅनेजर 'नवीन दस्तऐवज' हा पर्याय दाखवतो, फोल्डर रिकामं असेल तर नाही. 'टच' कमांडने केलेली 0 बाइटची फाइलही पुरते. त्यामुळे एका खात्यात काम झालं.

अडचण नव्या खात्यांची आहे. एट्सी-स्केलमध्ये (ज्यातलं सगळं प्रत्येक नव्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये कॉपी होतं ते फोल्डर) टेम्प्लेट्स फोल्डर ठेवलं, आत 'कोरी फाइल.टीएक्सटी' टाकली. इंग्रजी खात्यांत पर्याय दिसतो. पण माझ्याकडे खात्याची भाषा दुसरी असली की पहिल्या लॉगिनला फोल्डर त्या भाषेतल्या नावाने नव्याने तयार होतं, रिकामं! आपली फाइल शेजारच्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये तशीच पडून राहते.

शिवाय कोणी ते फोल्डर डिलीट केलं, तर पुढच्या लॉगिनला कॉन्फिग फोल्डरमधल्या यूजर-डिर्स फाइलीत (अशा फोल्डरांचे मार्ग जिथे नोंदलेले असतात) त्याचा मार्ग थेट होम फोल्डरवर येतो आणि पर्याय पुन्हा गायब. हे फार चटकन होतं, आणि कारण लवकर सापडत नाही.

तयार यूजर-डिर्स फाइलच स्केलमध्ये ठेवली तर पहिल्या लॉगिनला ती टिकते का? की लॉगिनला ही फोल्डरं आणि ही फाइल आपोआप तयार करणारं अपडेट सगळ्या खात्यांसाठी बंदच करावं? पण मग डाउनलोड्स, पिक्चर्स ही फोल्डरं हातानेच करावी लागतील ना? ज्यांनी हे अनेक खात्यांवर केलंय त्यांनी कृपया नेमका क्रम सांगा.