मार्शल आर्ट्सची जुनी मासिकं जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. मामाने जपून ठेवलेले 'ब्लॅक बेल्ट'चे सत्तरच्या दशकातले चार अंक नुकतेच माझ्याकडे आले. मी गेली आठ वर्षं कराटे शिकतोय, पण तेव्हाचे फोटो, गणवेशांच्या जाहिराती, वाचकांच्या पत्रांतले वाद हे सगळं पहिल्यांदाच पाहिलं आणि दोन रात्री त्यातच गेल्या. आता संग्रह वाढवायचाय. हात थोडा आखडता आहे. कुठले अंक आधी घ्यावेत, घेताना काय तपासावं, ठेवावेत कसे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
आधी काळ ठरवा, नाहीतर मिळेल ते उचलत बसाल. 'ब्लॅक बेल्ट' मितो उयेहारा यांनी १९६१ मध्ये काढलं. अगदी सुरुवातीच्या अंकांच्या मागे आत्ताच लागू नका. मी १९६७ ते १९७५ सुचवेन. ऑक्टोबर १९६७ च्या मुखपृष्ठावर ब्रूस ली आहे आणि सप्टेंबर १९७१ च्या अंकात पारंपरिक कराटेच्या चौकटीतून मोकळं व्हा, असं सांगणारा त्याचा गाजलेला लेख. जुलै १९७३ मध्ये तो गेला, आणि त्या सुमारास मासिकांची लाटच आली. 'इनसाइड कुंग-फू' १९७३ च्या शेवटी सुरू झालं, ब्रिटनमधलं 'कुंग-फू मंथली' १९७४ मध्ये.

मात्र ब्रूस ली मुखपृष्ठावर असला की किंमत चढते. बेतात घ्यायचं असेल तर त्याच वर्षांतले, मुखपृष्ठावर तो नसलेले अंक घ्या. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला फुल कॉन्टॅक्टची, म्हणजे पूर्ण ताकदीने फटके मारायच्या कराटेची, मोठी स्पर्धा झाली, त्यात जो लुईस आणि बिल वॉलेस जिंकले. त्याच्या मागचे-पुढचे अंक ओळीने वाचले की पॉइंट कराटेवाल्यांचा (फटका आवरता घेऊन गुण मिळवणाऱ्यांचा) जीव कसा कासावीस झाला होता ते कळतं. मला संग्रहाचा खरा आनंद यातच मिळाला.

प्रतिसाद २
मुखपृष्ठ बघून पैसे देऊ नका, पानं मोजा. मी एक अंक घेतला होता, बाहेरून अगदी कोरा. घरी येऊन वाचायला बसलो. फेकीच्या तंत्राची सहा फोटोंची मालिका होती, पाच फोटो नीट, सहाव्याच्या जागी चौकोनी भोक! पाठीमागच्या पानावर टपालाने सामान मागवायचं कूपन होतं, ते कुणीतरी कात्रीने कापून घेतलेलं. पकड, वळण, तोल घालवणं सगळं दिसतं, माणूस पडतो कसा तेवढंच दिसत नाही. विक्रेत्याची यात लबाडी नव्हती, त्यानेही उघडून पाहिलं नसणार. तेव्हापासून मी मधल्या पानाचा आणि शेवटच्या जाहिरातींच्या पानांचा फोटो मागवल्याशिवाय व्यवहार करत नाही. पिनांचाही मागवतो. गंज पानात उतरला असेल तर तिथूनच अंक सुटतो.

प्रतिसाद ३
वरच्या दोघांशी सहमत. 'कुंग-फू मंथली'बद्दल थोडं: ते उलगडलं की मोठं पोस्टर होतं, त्यामुळे बहुतेकांनी ते भिंतीवर लावलेलं असतं. कोपऱ्यांत टाचणीची भोकं आणि घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे फाटलेलं, हे हमखास बघा.

ठेवण्याबद्दल: पीव्हीसीची पिशवी नको, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या. मागे आम्लविरहित पुठ्ठा. चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. लॅमिनेशन तर विसराच. गुळगुळीत कागदाला ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात, मग सोडवताना छपाई निघून येते. कुबट वास येणारा अंक बाकीच्यांपासून लांबच ठेवा.

धागाकर्ता
सर्वांचे मनापासून आभार! प्रतिसाद २ वाचून लगेच चारही अंक काढून पाहिले. तीन पूर्ण आहेत, चौथ्यात नेमकं कूपनच कापलेलं. मामाच्याच हातचं असणार. तो अंक मला टाकवत नाही. काय करू?

प्रतिसाद २
टाकायचा कशाला? गूगल बुक्सवर 'ब्लॅक बेल्ट'चे बरेच जुने अंक पूर्ण वाचायला मिळतात. तुमचा अंक शोधा, ते पान छापून घ्या आणि त्याच पिशवीत पुठ्ठ्यामागे सुटं ठेवा. मूळ पानाला चिकटवू मात्र नका. आणि मामांना विचाराच, त्या कूपनवर त्यांनी मागवलं काय होतं?