वहिवाटीचा रस्ता नांगरला, अर्ज जमीन महसूल संहितेच्या कलम 143 चा केला. चुकलं का?

उसाचं_रान: राम राम. नगर जिल्हा. गावाचं नाव टाकत नाही, भावकी पण हे वाचते. माझं रान साडेतीन एकर, चहूबाजूंनी दुसऱ्यांचे गट. आजोबांची बैलगाडी आणि नंतर माझा ट्रॅक्टर चुलत्याच्या गटातूनच जायचा. बांधावरून नाही, विहिरीला वळसा घालून जवळपास मधून. 14 नोव्हेंबरला चुलतभावाने तो रस्ता नांगरला आणि तोंडाला बाभळीच्या फांद्या टाकल्या. कारण काय, तर माझ्या बोअरला पाणी लागलं आणि त्याच्या नाही!

ऊस तोडायच्या वेळी मुकादम आला, फांद्या बघितल्या आणि टोळी घेऊन निघून गेला. दुसरी टोळी मिळाली, पण त्यांनी मोळ्या डोक्यावर वाहून ओढ्यापर्यंत आणल्या आणि त्याची खुशाली, म्हणजे वरचे पैसे, वेगळी घेतली. वजनात मार खाल्ला तो निराळाच.

जानेवारीत तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याने कलम 143 चा अर्ज करून दिला. मंडळ अधिकारी आले, पंचनाम्यात लिहिलं: बांधावर रस्ता दिसून येत नाही. दिसणार कसा, तो बांधावर नव्हताच! गावनकाशात तुटक रेघसुद्धा नाही. पुढची तारीख 27 मे. काय करू?

जुना_तलाठी: भाऊ, दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालीय. जमीन महसूल संहितेचं 143 म्हणजे रस्ता नसलेल्याने रस्ता मागायचा, तोही हद्दीच्या बांधावरून, शक्यतो दोन्ही बाजूंचं सारखं रान घेऊन. चालू वहिवाट अडवली तर मामलेदार (म्हणजे तहसीलदार) कोर्ट ॲक्ट 1906, कलम 5. तिथे नकाशापेक्षा वहिवाट बघतात. पण मुदत अडवल्यापासून सहा महिने. 14 नोव्हेंबर धरा आणि बोटं मोजा. नुसता अर्ज नको, दावा लागतो, खाली ‘मजकूर खरा आहे’ असं सत्यापन करून. 143 मध्ये हे घुसडू नका, वेगळं दाखल करा. निकाल विरोधात गेला तर फेरतपासणीला प्रांताकडे जाता येतं. मी नोकरीत असताना असे कितीतरी लोक मुदत संपल्यावर फाईल घेऊन यायचे.

दोनदा_जिंकलो: पुरावा म्हणून गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघा. माझ्या केसमध्ये चाकोरी स्पष्ट दिसली, तीच छापून लावली. आणि शेजारच्या गटवाल्यांचे जबाब घ्या, भावकीचे नको. निकालाने लगेच रस्ता मिळतो असं समजू नका. मला आदेशानंतर पोलीस बंदोबस्तात रस्ता मोकळा करून घ्यावा लागला, मग समोरचा दिवाणी कोर्टात गेला. अजून तारखा चालूच आहेत, पण ट्रॅक्टर जातोय.

बांधकरी: मी दुसऱ्या बाजूचा माणूस, शिव्या खायची तयारी आहे. माझ्या अडीच एकरातून असाच वळसा जायचा, दरवर्षी हातभर रुंद व्हायचा. पाऊस पडला की चिखल चुकवायला ट्रॅक्टर उभ्या सोयाबीनमध्ये. मी अडवला नाही, पण सांगितलं: बांधावर ये, निम्मं रान तुझ्या बाजूच्या गटवाल्याचं घे, मुरूम तू टाक. झालं. मे 2025 च्या शासन निर्णयानंतर रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करता येते, तीही करून टाकली. तुमच्या भावाला विहिरीजवळचा वळसा खुपत असेल, एकदा विचारून तरी बघा.

उसाचं_रान: बांधकरी, विचारलं होतं. दिवाळीच्या फराळाला बसलो होतो तेव्हा. तो म्हणाला, आधी बोअरचं पाणी दे. पाणी द्यायला माझी ना नाही, पण रस्त्याच्या बदल्यात द्यायचं म्हटलं की माझंही डोकं फिरतं.

तलाठी साहेब, मोजलं. आज 6 मे. 9 आणि 10 ला शनिवार-रविवार, कचेरी बंद. म्हणजे मुदतीच्या आत जेमतेम पाच-सहा दिवस. उद्या सकाळच्या एसटीने तालुक्याला निघतो, या वेळी वकिलाकडे. त्या फांद्यांचा फोटो बायकोने त्याच दिवशी काढला होता, तिच्या मोबाईलमध्ये तारखेसह सापडला. तो चालेल ना?

जुना_तलाठी: चालेल. मोबाईल सोबत न्या, नुसती प्रिंट नको.