फिनास्टेराइड: गोळी घ्यावी की डोक्याला लावावं?

भुसावळकर_२८:
केस गळतायत: कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेलेत, टाळूवर विरळ झालंय. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: फिनास्टेराइड (केसगळती थांबवायचं औषध) १ मिग्रॅची रोज एक गोळी, नाहीतर मिनॉक्सिडिल (केस वाढवायला डोक्याला लावायचं औषध) ५ टक्के आणि फिनास्टेराइड ०.१ टक्के असं एकत्र सोल्युशन. लावायचं औषध अंगात भिनतच नाही म्हणतात, खरं का? दिवाळीनंतर लग्न आहे.

औषधवाला_धुळे:
भाऊ, आधी हिशोब करा. ०.१ टक्के म्हणजे १ मिलीत १ मिग्रॅ. दोन्ही वेळा एक-एक मिली लावलं की डोक्यावर २ मिग्रॅ, म्हणजे गोळीच्या दुप्पट! त्यातलं थोडंच आत जातं, पण या औषधाला थोडंही पुरतं. ०.२५ टक्के स्प्रेच्या चाचणीत रक्तातलं डीएचटी (केस गळवणारं हार्मोन, जे हे औषध कमी करतं) सुमारे ३५ टक्क्यांनी उतरलं, गोळीने सुमारे ५६. केसांचा फायदा जवळपास सारखाच. धोका कमी होतो, जात नाही. "बाहेरून लावतोय ना" म्हणून हात सैल सोडला की तोही फायदा गेला.

चोपडा_रावेर:
लावायची रीत पण बघा. टाळू कोरडी हवी. भांग पाडून ड्रॉपर कातडीला टेकवायचा. केसांवर ओतलं तर वाया. मग हात साबणाने धुवा, चार तास डोकं धुऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात घामाचा ओघळ कपाळावर येतो, त्यासोबत मिनॉक्सिडिलही उतरतं आणि गालावर लव वाढते. लगेच आडवं झालात तर उशीला पुसलं जातं, म्हणून झोपायच्या दोन तास आधी लावा. खाज आणि पांढरा कोंडा बहुतेक सोल्युशनमधल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकामुळे. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी दोन्ही सांभाळा, मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे.

औषधवाला_धुळे:
लग्नाचं राहिलंच. ५ मिग्रॅची गोळी स्वस्त पडते म्हणून चार तुकडे करतात. ते तुकडे किंवा भुकटी गरोदर बाईच्या हाताला लागू नये, पोटातल्या मुलग्याच्या अवयवांना धोका असतो. सोल्युशन लावलेल्या डोक्याचंही तेच. इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, मन उदास होणं, यातलं काही जाणवलं तर डॉक्टरांना लगेच सांगा, लाजून बसू नका. पुढे कधी प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी केली तर हे औषध चालू आहे ते सांगा, आकडा जवळपास निम्मा येतो.

भुसावळकर_२८:
म्हणजे सोल्युशन, रात्री एकदाच १ मिली?

औषधवाला_धुळे:
मिनॉक्सिडिल दोन वेळा लिहिलं असेल तर सकाळी नुसतं मिनॉक्सिडिल, रात्री एकत्रवालं, असं डॉक्टरांना विचारून बघा. पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळाले तर घाबरून सोडू नका. फोटो आजच काढून ठेवा, सहा महिन्यांनी त्याच उजेडात पुन्हा काढा.