भाड्याच्या घरामागचा कोबा: शेवाळ, भेगा, साचणारं पाणी. काय करता येईल?

अंगण_१२बाय१८: पुण्यात भाड्याचं रो-हाउस आहे. मागे १२ बाय १८ फुटांचा जुना कोबा, कडेला शेवाळ, भेगांतून पिंपळाची रोपं. पाणी घराच्या भिंतीशी साचतं. दुपारी कडक ऊन. झाडं लावायची आहेत, पण फोडाफोड नको. सुरुवात कुठून करू?

ओळंबा: पाण्यापासून. आधी कुंड्या मांडल्यात तर पुढचं प्रत्येक काम त्या हलवून करावं लागेल. बादलीभर पाणी ओतून बघा कुठे थांबतं ते. १० फुटांना ३ सेंमी उतार पुरतो. तो भिंतीकडे असेल तर ते काम मालकाचं, लेखी कळवा. गवंडी वरून पातळ गिलावा मारून देतो म्हणाला तर नको म्हणा, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. जुन्या कोब्यावर टाचे मारून (छिन्नीने खाचा पाडून), धुऊन, निदान दीड इंचाचा थर हवा.

भेगा मात्र तुम्हीही भरू शकता. छिन्नीने पाऊण इंच खोल उकरा, तळाशी किंचित रुंद, म्हणजे भरलेला माल उखडत नाही. पिंपळ नुसता कापला तर पुन्हा फुटतो, मूळ जितकं निघेल तितकं ओढून काढा. भेग ओली करा, लेटेक्स (पकड वाढवणारं रबरी द्रावण) कालवलेलं पातळ सिमेंट ब्रशने लावा आणि ते ओलं असतानाच एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू दाबून भरा. वर ओलं गोणपाट, ७ दिवस. सरळ रेषेत जाणारी फट बहुधा जोड असते. ती सिमेंटने बुजवू नका, उन्हात कोब्याला फुगायला जागा लागते. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, ते रबरासारखं लवचिक राहतं.

गच्चीबाग: शेवाळाला १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. २० मिनिटांनी खराट्याने घासून धुवा, झाडं येण्याआधीच. अ‍ॅसिड अजिबात नको: सिमेंट खातं, आणि ब्लीचिंगशी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो.

१२ बाय १२ इंची ग्रो बॅगला साधारण २० लिटर मिश्रण लागतं: माती ४ भाग, कोकोपीट ३, शेणखत ३, मूठभर निंबोळी पेंड. मोगरा, सदाफुली चालेल. कढीपत्ता, लिंबू १८ बाय १८ मध्ये. पिशव्या विटांवर ठेवा. कोब्याला टेकल्या की तळाची भोकं बुजतात आणि तापलेल्या कोब्यावर मुळं भाजतात.

अंगण_१२बाय१८: प्लास्टिकचं गवत अंथरलं तर? आणि शेडनेट कशाच्या आधाराने बांधू?

ओळंबा: गवत नको. उन्हात कोब्याहून जास्त तापतं, खाली ओल धरून शेवाळ परत येतं.

गच्चीबाग: ५० टक्के सावली देणारं हिरवं नेट. २० लिटरच्या बादल्यांत पाइप उभे करून काँक्रीट भरा, प्रत्येकी ४५ किलोच्या आसपास होते. भिंतीला ड्रिल लागत नाही, घर सोडताना सोबत नेता येतं. पण वळवाच्या वाऱ्यात नेट शिडासारखं फुगून बादलीसकट पाइप आडवा करतं. एक बाजू हुकांवर ठेवा, आभाळ भरून आलं की सोडता येईल अशी.